जोडकमाई : आजची आणि उद्याची

आजच्या पाठात आपण पैशांविषयी बोलणार आहोत. नेहमीच्या कामधंद्याशिवाय घरात जास्तीचा पैसा कसा येतो, तो लगेच कसा मिळतो आणि पुढे वर्षानुवर्षं कसा मिळत राहू शकतो, हा आपला विषय. याला मी 'जोडकमाई' म्हणणार आहे. 'वरकमाई' हा शब्द मुद्दाम टाळलाय, कारण आपल्याकडे वरकमाई म्हटलं की टेबलाखालचा पैसा डोळ्यांसमोर येतो. आपण घामाच्या पैशाबद्दल बोलतोय. आठवी-नववीच्या मुलांनी हा पाठ वाचावा आणि जमल्यास आई-वडिलांनाही वाचून दाखवावा, कारण यातली निम्मी गणितं त्यांच्या कामाची आहेत.

उदाहरण म्हणून मुंबईतलं कफ परेडचं मच्छीमार नगर घेऊ. एका बाजूला बॅकबेचा समुद्र, दुसऱ्या बाजूला बधवार पार्क आणि कफ परेडच्या उंच इमारती, आणि मध्ये ही कोळी लोकांची वस्ती. बाहेरच्यांना ती माहीत झाली २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहशतवादी रबरी होडीतून इथल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा. पण इथल्या माणसांचं रोजचं जगणं त्या एका रात्रीचं नाही, ते म्हावऱ्याचं आहे. कोणी बोटीचा नाखवा, कोणी तांडेल, कोणी खलाशी, आणि घरची बाई पाटी घेऊन बाजारात.

मग हीच वस्ती का? कारण इथे समुद्रच दरवर्षी पैशाचा धडा शिकवतो. महाराष्ट्रात गेली अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जूनचे ३० आणि जुलैचे ३१ मिळून ६१ दिवस. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे बंदी योग्यच आहे. पण त्या ६१ दिवसांत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, खलाशाची कमाई थांबलेली असते आणि पाटीत विकायला ताजं म्हावरं फार थोडं असतं. आता कॅलेंडर पाहा. कमाई बंद होते १ जूनला आणि शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर! वह्या, छत्री, रेनकोट, क्लासची फी, कॉलेजचा प्रवेश, सगळं नेमकं तेव्हाच. महापालिकेच्या शाळेत २७ वस्तू मोफत मिळतात हे खरं, पण घरातली सगळी मुलं काही महापालिकेच्या शाळेत नसतात, आणि दहावीनंतर तर ती सोयही संपते. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट हजेरीपटावर दिसते. जून-जुलैत मागच्या बाकावरचं एखादं मूल अधूनमधून यायचं थांबतं. विचारलं की उत्तर येतं, "कामाला गेलो होतो, सर."

म्हणून जोडकमाईचा विचार करताना आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो : किती मिळतील? मी त्याला आणखी एक प्रश्न जोडायला सांगेन : हात थांबल्यावर काय उरेल?

लगेचचा पैसा

मच्छीमार नगरपासून ससून डॉक फार लांब नाही. १८७५ मध्ये सुरू झालेली ही गोदी आजही मुंबईतल्या मासळीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. पहाटे उजाडायच्या आधी तिथे लिलाव सुरू होतो. त्याच गोदीत बायका कोळंबी सोलायला बसतात. किती सोलली त्या मापावर पैसे, आणि बहुतेक वेळा हिशोब तिथल्या तिथे. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची पंचाईत आहे त्या घराला अशा कामाची किंमत विचारा. ते काम कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा बर्फाच्या पाण्यात तासभर हात घालून बसावं. बोटांची सालं निघतात, कोळंबीचे काटे टोचतात, पाठ धरते.

पण आपला दुसरा प्रश्न इथे लावून बघू. दहा वर्षं कोळंबी सोलली, तर अकराव्या वर्षी पहिल्या दिवशी काय हातात असतं? तेच माप, तसाच दर. वेग थोडा वाढलेला असेल, आणि बोटं म्हातारी झालेली असतील. आजारी पडलात तर त्या दिवशी शून्य. म्हणजे हा पैसा खरा आहे, पण तो रोज नव्याने जन्माला येतो आणि रोज संपतो. जाळी विणून-तुणून देणं, इमारतींमध्ये घरकाम, दुकानात मालाची चढउतार, स्कूटरवरून पार्सल पोचवणं, लग्नसराईत कॅटरर्सकडे वाढपी म्हणून जाणं, ही सगळी याच जातीची कामं. यातलं जाळं तुणायचं काम मात्र थोडं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता मुलांबद्दल स्पष्टच बोलतो. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावायला कायद्याची हरकत नाही, काम धोक्याचं नसावं इतकंच. त्यामुळे संध्याकाळी आईबरोबर सुकट निवडणारी मुलगी काही चुकीचं करत नाही. उलट त्यातून ती खूप शिकते. पण पहाटे चारला उठून कोळंबी सोलून आलेलं मूल तिसऱ्या तासाला झोपतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. त्या सकाळी मिळालेले पैसे घर 'जास्तीचे' म्हणून धरतं. माझ्या हिशोबात ते जास्तीचे नाहीत, ते त्याच मुलाच्या पुढच्या पगारातून आगाऊ घेतलेले पैसे आहेत. आणि त्या आगाऊ रकमेवरचं व्याज फार मोठं असतं.

व्याजाचं गणित

व्याजाचा विषय निघालाच आहे तर फळ्यावर एक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, आपल्या घरचे आकडे घालून तुम्ही ते पुन्हा करा.

समजा एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च १५,००० रुपये आहे. बंदीचे दोन महिने म्हणजे ३०,००० रुपये. आता दोन घरं घेऊ. पहिल्या घराने काही साठवलं नाही. जूनमध्ये त्यांनी वस्तीतल्याच एका सावकाराकडून ३०,००० रुपये उचलले, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. महिन्याचं व्याज १,५०० रुपये. मुद्दल शेवटी एकदम फेडायचं ठरलं, तर दहा महिन्यांत नुसतं व्याज १५,००० रुपये. म्हणजे ३०,००० ची गरज ४५,००० ला पडली. आणि फेडून होतं ना होतं तोच पुढचा जून येतो.

दुसऱ्या घराने मासेमारीच्या हंगामात रोज १०० रुपये बाजूला टाकले. ३०० दिवसांत ३०,००० रुपये. जून आला, डबा उघडला, विषय संपला.

दोन्ही घरांची कमाई सारखीच, मेहनतही सारखीच. तरी दुसऱ्या घराकडे वर्षाला १५,००० रुपये जास्त आहेत. ते कमवायला कोणी पहाटे उठलं नाही की कोणाची बोटं सोलली नाहीत. म्हणून मी म्हणतो, ज्या घरावर असं उसनं आहे त्या घराची पहिली जोडकमाई म्हणजे ते उसनं संपवणं. पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. एवढा परतावा देणारा प्रामाणिक धंदा मला तरी माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, रोज १०० बाजूला टाकणं बोलायला सोपं आहे. बरोबर. ज्या दिवशी बोट रिकामी येते त्या दिवशी १०० कुठून आणणार? म्हणून हा नियम रोजचा न ठेवता लिलावाचा ठेवावा. ज्या दिवशी जाळ्याला चांगला माल लागला त्या दिवशी ५००, बाकी दिवशी शून्य. समुद्राची कमाई उसळते-पडते, बचतही तशीच उसळती-पडती ठेवायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, सावकाराशिवाय उसनं मिळतच नाही असं नाही. शेतकऱ्यांचं किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झालंय. वेळेवर फेड केली तर व्याज-सवलत धरून ते कर्ज वर्षाला ४ टक्क्यांपर्यंत पडू शकतं. वर्षाला चार आणि महिन्याला पाच! या दोन आकड्यांमधलं अंतर मुलांना एकदा कळलं की टक्केवारीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. शिवाय प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी बचतीची सोय आहे : पात्र मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालतं आणि मंदीच्या तीन महिन्यांत ४,५०० परत मिळतात. रक्कम फार मोठी नाही, पण १,५०० चे ४,५०० कोण देतं? आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात जाऊन या दोन्हींची चौकशी करा. फॉर्म भरायचं काम घरातल्या नववीच्या मुलाला द्या, त्याला जमतं.

गिरगावच्या गच्चीवरचे ८० रुपये

आता लांब पल्ल्याच्या कमाईकडे वळू. त्यासाठी मच्छीमार नगरातून थोडं उत्तरेला, गिरगावात जाऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हाच आजचा श्री महिला गृह उद्योग, म्हणजे आपला लिज्जत पापड. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट भाषणात सगळेच सांगतात आणि 'जिद्द' या शब्दावर थांबतात. जिद्द होतीच, पण मला त्यातली हिशोबाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. लिज्जतमध्ये बाई पीठ घरी नेते, पापड लाटून आणून देते आणि तिला लाटण्याची मजुरी मिळते. तिला 'वणई' म्हणतात. हा झाला लगेचचा पैसा, कोळंबी सोलण्यासारखाच. पण तीच बाई संस्थेची सभासद आणि भागीदारही असते. नफा झाला तर त्यातला वाटा तिचा. हा झाला लांबचा पैसा. काम एकच, पापड तोच, पण एकाच लाटण्यातून दोन प्रकारची कमाई होते. पापड लाटणारी बाई आणि कोळंबी सोलणारी बाई यांच्या कष्टात फरक नाही. मालकी कोणाची, एवढाच फरक आहे.

मुंबईतच आणखी एक उदाहरण आहे. गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्या वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना गटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायका तोच स्वयंपाक करत होत्या, पण व्याज सावकाराकडे जायचं थांबलं. तेवढ्यानेच हातात पैसा राहू लागला.

मच्छीमार नगरात हे कसं करायचं?

सगळ्यांनी पापड लाटायचे नाहीत. आपल्याकडे जे आहे त्यातूनच सुरुवात करायची. तीन गोष्टी मला दिसतात.

एक म्हणजे सुकी मासळी. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत पावसाळ्याआधी आगोटची खरेदी असते. बोंबील, जवळा, सोडे, वाकटी, मांदेली, लोक चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात. ताजी मासळी बंद होते तेव्हा सुक्याला गिऱ्हाईक येतं. म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बांबूच्या मांडवावर वाळवलेला बोंबील हा एक प्रकारे बँकेत ठेवलेला पैसाच आहे, आणि तो नेमका बंदीच्या तोंडावर मोडता येतो. तोच बोंबील उघड्या पाटीत विकला तर एक भाव, आणि डोकं-शेपूट काढून, वाळू झटकून, अर्धा-अर्धा किलोच्या स्वच्छ पाकिटात विकला तर वेगळा भाव. पाकीट करून विकायचं तर अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान व्यवसायाला तिची फी वर्षाला १०० रुपये असते, त्याला घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. रस्त्यापलीकडे एवढ्या इमारती आहेत. त्या घरांतल्या लोकांना मासळी हवी असते, पण बाजारातला चिखल नको असतो आणि साफ करायचा कंटाळा असतो. आमच्या कोळणी मावश्या वर्षानुवर्षं ठरावीक घरी मासळी देतात. 'पापलेट आलंय का?' असा फोन येतो तेव्हा तो फोन म्हणजे भांडवल आहे. पण बहुतेक मावश्यांची ही सगळी यादी डोक्यात असते. ती वहीत उतरवा. कोणाला काय आवडतं, कोणाला तुकड्या कशा हव्यात, कोणत्या वारी ते खात नाहीत, हे सगळं. डोक्यातली यादी मावशी आजारी पडली की बंद होते. वहीतली यादी तिच्या सुनेला किंवा मुलीला चालवता येते. माहीम कोळीवाड्यात २०२३ मध्ये महापालिकेच्या पुढाकाराने सी फूड प्लाझा सुरू झाला. तिथे बचत गटांच्या कोळी भगिनी लोकांना कोळी जेवण बनवून वाढतात. तिथेही मूळ विचार हाच आहे : कच्चा मासा विकून थांबायचं नाही, त्याला आपल्या हाताची चव जोडायची.

तिसरी गोष्ट कौशल्याची, आणि इथे जाळं तुणायचा विषय येतो. जाळं तुणून मिळणारी मजुरी लगेचची आहे, पण ते येणारा माणूस दरवर्षी कमी होतोय. ज्याच्या हातात ती कला आहे त्याचा भाव कमी होत नाही. बोटीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्याचंही तसंच. वर्सोव्याला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. जो मुलगा खलाशी म्हणून जातोय, त्याने हे शिकून घेतलं तर बंदीच्या काळातही त्याला काम राहतं, कारण बोटींची दुरुस्ती होते तीच मुळी बंदीच्या दिवसांत.

साठवलेला पैसा कुठे ठेवायचा?

वस्तीत भिशी चालते. भिशी वाईट नाही, एकरकमी पैसा मिळतो. पण तिच्यावर व्याज नाही, आणि भिशी चालवणारा गायब झाला तर तक्रार कुठे करणार? त्यापेक्षा बचत गट बरा. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. गटाचं बँकेत खातं असतं, बैठकीचा आणि कर्जाचा हिशोब वहीत असतो, आणि काही महिने नीट चालला की बँक गटाला कर्ज देऊ शकते. भिशीच्या वहीवर बँक कर्ज देत नाही.

एकट्याने ठेवायचा तर पोस्ट आहेच. आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं. पीपीएफ १५ वर्षांचं. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांत चालू राहतं. व्याजदर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, ते पोस्टात विचारून घ्या. मघाचे व्याजाचे वाचलेले १५,००० रुपये आठवतात ना? ते दरवर्षी सुरुवातीला बाजूला टाकले आणि सरासरी ७ टक्के व्याज धरलं, तर १५ वर्षांत भरलेले २,२५,००० होतात आणि हातात साधारण ४ लाख येतात. आज पहिलीत असलेली मुलगी तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडलेली असेल.

थोडक्यात एक धोकाही सांगतो. 'घरबसल्या दिवसाला २,००० कमवा', 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' असे मेसेज बंदीच्या दिवसांत हमखास फिरतात. पहिल्यांदा शंभर-दोनशे खरंच देतात, मग 'मोठ्या टास्कसाठी' पैसे भरायला सांगतात. काम देणारा जर आधी तुमच्याकडून पैसे मागत असेल, तर तो कमाई तुमच्याकडून करतोय. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा परत मिळणं अवघड.

घरी करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, एक जुनी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात गेल्या वर्षभरात घरात कोणी कोणी कोणतं जास्तीचं काम केलं ते लिहा. आईला, बाबांना, आजीला विचारा; आजीची यादी सगळ्यात लांब निघेल. दुसऱ्यात त्यातून साधारण किती मिळाले ते. तिसऱ्या रकान्यात लिहा, ते काम बंद झाल्यावर काय उरलं : शिकलेली कला, ठरलेलं गिऱ्हाईक, विकत घेतलेली वस्तू, खात्यातली रक्कम, की काहीच नाही. 'काहीच नाही' लिहावं लागलं तर खाडाखोड करू नका. खाली वेगळ्या ओळीत घरावर सध्या किती उसनं आहे आणि महिन्याला त्याचं व्याज किती जातं ते लिहा. मोठ्यांनी सांगायला नकार दिला तर ती ओळ रिकामी सोडा, हट्ट करू नका. वही सोमवारी वर्गात आणा. आकडे कोणाला दाखवायचे नाहीत, फक्त तिसऱ्या रकान्यातले शब्द फळ्यावर लिहू.